काचेवरची वारी

ज्ञानोबारायांच्या पालखीत मूर्ती नसते, तसबीर नसते. असतात त्या पादुका. माऊलींनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली आणि त्यांचा चेहरा कसा होता हे सांगणारी एकही रेघ मागे राहिली नाही. भिंतीवर, कॅलेंडरवर, देवघरात आपण जे रूप पाहतो ते फार पुढच्या काळातल्या चित्रकारांच्या भावातून उतरलेलं. माझे आजोबा सासवडला फोटोग्राफर होते आणि त्यांच्या मनाला ही गोष्ट फार लागून राहिली होती. "ज्याच्या मागं एवढी दुनिया चालते त्याचाच फोटो नाही. मग आपण मागून चालणाऱ्यांचे काढायचे," असं ते म्हणायचे. लग्नं, मुंजी, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो हे पोटासाठी. पालखीचा मुक्काम मात्र त्यांचा स्वतःचा.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते गेल्यावर स्टुडिओची खोली आवरायला काढली तेव्हा लाकडी खोक्यांतून काचा निघाल्या. जुन्या हाफ प्लेट कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह. प्रत्येक काच वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, कडेला सुईने कोरलेला नंबर, आणि त्या नंबरांची वेगळी वही. वहीत तारीख नाही, तिथी. ज्येष्ठ वद्य द्वादशी, शके अमुक. पुढे नाव, गाव, दिंडी आणि किती पैसे आले, किती बाकी. मी या काचा एकेक करून उजेडाला धरते तेव्हा शेजारी मोठी आत्या बसलेली असते. काच मी वाचते आणि गोष्ट ती सांगते. तिनं ती आबांकडून ऐकलेली, काही आबांच्या आईकडून. पुढचं सगळं त्या दोघींचं आणि आबांचं आहे, माझं त्यात फार थोडं.

पुण्याहून पालखी हलते ती ज्येष्ठ वद्य एकादशीला. हडपसर मागे पडतं, वडकीजवळचा मस्तानी तलाव दिसतो आणि दिवे घाट सुरू होतो. एकादशीच्या रिकाम्या पोटी हा घाट चढायचा. रथाला वाटेतल्या गावांचे जादा बैल जुंपतात, एकापुढे एक जोड्या, आणि शेवटच्या वळणावर त्यांच्या खुरांखाली दगड निसटतो तेव्हा आजूबाजूची माणसं श्वास रोखून धरतात. संध्याकाळी सासवड. इथे माऊली दोन रात्री राहतात. कऱ्हेकाठी सोपानकाकांची समाधी आहे आणि सोपानकाकांचीही पालखी इथूनच पंढरीला निघते. थोरला भाऊ धाकट्याच्या दारी आला, असंच सासवडकर त्याकडे बघतात. आबांची आई त्या दोन दिवसांत घरातल्या कुणालाही मोठ्यानं बोलू देत नसे. पाहुणे घरात आहेत, एवढंच कारण.

ह्या सोहळ्याला शिस्त कशी आली, त्याची कथा तिच्या तोंडची. आधी देहूहून तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची रीत घातली. पुढे आरफळचे हैबतबाबा आले. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. वाटेत लुटारूंनी धरलं, कोंडलं, माऊलींच्या धाव्यानं सुटले आणि मग घरी न जाता आळंदीलाच राहिले, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माऊलींचा सोहळा उभा केला आणि लष्करातला माणूस असल्यामुळे फौजेसारखाच लावून दिला. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व पुढे, रथापुढे आणि रथामागे नंबरवार दिंड्या, चोपदारांच्या हातात दंड. रथापुढच्या दिंड्या २७. कोणी कुणाच्या पुढे घुसायचं नाही.

आबांना त्यातली समाजआरती सगळ्यात आवडायची. मुक्कामाला पालखी पोचली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळांचा नुसता गजर. चोपदार दंड उंच करतो आणि तो हजारो टाळांचा आवाज एकदम थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. मग तिच्याजवळ जायचं, काय झालं ते विचारायचं, निवाडा करायचा. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारायचं. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाचं म्हातारं माणूस. हे सगळं झाल्यावर आरती. तक्रार ऐकून घेतल्याशिवाय आणि हरवलेलं पुकारल्याशिवाय देवाला ओवाळायचं नाही, हा क्रम हैबतबाबांचा की त्याही आधीचा ते मला ठाऊक नाही, पण मराठी माणसानं घडवलेल्या ज्या थोड्या गोष्टींचा मला मनापासून अभिमान वाटतो त्यांत ही आहे.

आता एक काच. क्रमांक कोरलेला आहे तिथे थोडा पापुद्रा गेलेला. स्टुडिओच्या उंबऱ्यावर एक वारकरी बसलाय. उजवा पाय डाव्या मांडीवर घेतलेला, हातात पिन, काटा काढतोय. टाच इतकी फुटलेली की भेगांत माती भरून काळ्या रेघा उमटल्या आहेत; एका भेगेत मेण भरलंय, ते चकाकतंय. तोंड खाली असल्यामुळे चेहरा दिसत नाही, पागोट्याचा वरचा पीळ तेवढा दिसतो. शेजारी टाळ उपडे ठेवलेले, दोरी एकात एक गुंतलेली.

चेहरा नसलेला फोटो कोण काढतो? आणि काच त्या काळी काही स्वस्त नव्हती. आत्या म्हणाली, "आबांना पाय आधी दिसायचे." ही गोष्ट शब्दशः खरी आहे. जुन्या कॅमेऱ्यामागे काळ्या फडक्यात डोकं घातलं की घासलेल्या काचेवर समोरचं चित्र उलटं पडतं, पाय वर आणि डोकं खाली. नजर वरून खाली येते, म्हणजे माणसाच्या पायांवरून चेहऱ्याकडे. आबा या गोष्टीला योगायोग मानत नसत. पालखीत पादुका का आहेत ते मला या धंद्यानं शिकवलं, असं ते म्हणायचे. चेहऱ्याला माणूस सांभाळतो, पावडर लावतो, मिशीला पीळ देतो. पायाला कुणी पोज द्यायला सांगत नाही. म्हणून पाय बघावेत, माणूस कुठून आला ते कळतं.

आमच्याकडे फोटोची विद्या लवकर आली. मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली आणि भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते. पण मुंबईची हौस वेगळी आणि घाटावरची माणसं वेगळी. फोटो काढला की आयुष्य घटतं, हे भय खेडोपाडी पिढ्यान् पिढ्या राहिलं. खुद्द दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी बडोद्याला फोटोचा धंदा मांडला, तो चालला नाही. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो, अशी तिथे वदंता होती. आमच्या पणजीचा एकही फोटो नाही. मुलगा फोटोग्राफर आणि आईनं जन्मभर पदर पुढे ओढून घेतला. ती गेल्यावर शेजारच्यांनी आबांना सांगितलं, आता तरी काढून ठेवा. त्या काळी मयताला टेकवून बसवून फोटो काढायची रीत होतीच, आबांनी कितीतरी घरांत काढलेले. आईचा काढला नाही. "जिवंतपणी नको म्हणाली ती मेल्यावर हो कशी म्हणेल?" एवढंच बोलले.

वारीतल्या म्हाताऱ्या मात्र भीत नसत. आत्याला याचं नवल वाटायचं, तेव्हा एकीनं तिला सांगितलं की घरून निघताना सगळ्यांचं तोंड बघून निघालेय, परत आले तर आले. आता आणखी काय घटायचं? ती खुर्चीवर ताठ बसली, तुळशीवृंदावन मांडीवर घेतलं आणि माझी तुळस फोटूत येऊ दे, माझं तोंड नाही आलं तरी चालेल, असं बजावलं. ती काच आहे. तुळशीचं पान न् पान आलंय. तिचं तोंडही आलंय, सुरकुत्यांसकट, आणि कपाळावर काळा ठिपका.

त्या ठिपक्याची एक मौज आहे. जुन्या प्लेटला लाल रंग कळतच नसे, पिवळाही फार अंधुक. म्हणूनच तर डार्करूममध्ये लाल दिवा लावून काम करता यायचं. परिणाम असा की फोटोत कुंकू काळं यायचं. वारकऱ्याच्या कपाळाचा बुक्का मुळातच काळा. आणि सासवडहून पालखी पुढे जेजुरीला जाते तिथे खंडोबाचे भक्त माऊलींवर भंडारा उधळतात. आबांनी जेजुरीहून आणलेल्या काचांवर तो पिवळाधमक भंडारा माणसांच्या खांद्यावर, पागोट्यावर सावलीसारखा गडद पडलेला दिसतो. कुंकू, बुक्का आणि भंडारा, म्हणजे देवी, विठोबा आणि खंडोबा, तिघांची खूण काचेवर एकाच रंगाची. आबांनी यावर प्रवचन कधी केलं नाही. ते फक्त काच हातात देऊन म्हणत, "सांग बरं, कुणाचा भक्त आहे?" आणि सांगता यायचं नाही.

आता दोन फोटो शेजारी ठेवते. पहिला १९४७ च्या आधीचा. स्टुडिओतली नक्षीची खुर्ची, मागे रंगवलेला पडदा, त्यावर महिरप आणि बाग. खुर्ची रिकामी आहे. तिच्या बाजूला, पडदा जिथे संपतो तिथे, एक उंच माणूस उभा. खांद्यावर पताका. तो चोखोबांच्या माणसांपैकी; त्यांच्या दिंड्या तेव्हा अश्वांच्याही पुढे, मुख्य सोहळ्यापासून वेगळ्या चालत. पुढे चालत म्हणजे मान होता असं कुणाला वाटेल. मान नव्हता, अंतर होतं. आबांनी बस म्हटलं, तो म्हणाला, "मी बसलो तर उद्यापासून तुमच्या खुर्चीवर दुसरं कोण बसंल?" आबांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी खुर्ची बाजूला केली नाही, त्याला आणखी बाहेर सरकवलं नाही, जसं होतं तसं काचेवर घेतलं.

इरावती कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी त्यावर लिहिलं, त्यात एक खंत आहे: बरोबर चालणारे, एकच अभंग म्हणणारे लोक जेवायला मात्र जातीजातीने वेगळे बसत. ती खंत आत्यालाही आहे, फक्त तिला ती एका खुर्चीत दिसते. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवसांनी विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे. त्या पायरीच्या आत जायला त्यांच्या माणसांना सहाशे वर्षं लागली. दुसरा फोटो त्यानंतरच्या एका वर्षाचा. तोच माणूस, थोडा वाकलेला. खुर्चीवर त्याचा नातू बसलाय, पाटी छातीशी धरून. आजोबा अजूनही उभाच आहे, पण आता पडद्याच्या मधोमध, आणि हात खुर्चीच्या पाठीवर. आत्या सांगते की आबांनी बसायला दुसरी खुर्ची आणली होती. तो म्हणाला, उभं राहायची सवय झाली. या उत्तरात कडवटपणा होता की नव्हता, हे काचेवरून ओळखता येत नाही. मी अनेकदा पाहिलंय.

फोटो तयार व्हायला वेळ लागायचा. काच डेव्हलपरमधून काढा, हायपोत टाका, धुवा, वाळवा, पेन्सिलीनं रिटच करा, मग ब्रोमाइड पेपरवर छापा. तोवर पालखी लोणंदच्याही पुढे गेलेली. पोस्टानं मागवायचा तर वर पैसे, आणि पत्ता सांगता येणारे थोडे. म्हणून वारकरी सांगत, पुढच्या वारीला नेऊ. वहीत आबा बाकीच्या रकमेपुढे 'पु.वा.' लिहीत. पुढच्या वर्षी माणूस यायचा, दारातूनच "माऊली, आमचा फोटू" म्हणून हाक घालायचा, बाकी टिकवायचा आणि फोटो कपड्यात गुंडाळून पंढरीला घेऊन जायचा. विठोबाला दाखवून मग घरी.

जे यायचे नाहीत त्यांचे फोटो पत्र्याच्या ट्रंकेत. न आलेल्यांचे. आबांनी त्यासाठी एक रीत पाडली. पालखीच्या मुक्कामी स्टुडिओपुढे फळी टाकायची आणि मागच्या वर्षांचे राहिलेले सगळे फोटो त्यावर मांडायचे, तोंडं वर करून. येणारे-जाणारे वाकून बघत. कुणीतरी थांबायचं. "हा आमच्या दिंडीतला. गेला की आखाजीला." किंवा, "ही आमची चुलती. आता डोळ्यानं दिसत नाही तिला." तो फोटो आबा त्याच्या हाती देत आणि वहीतली बाकी तिथल्या तिथे खोडत. असा फोटो मागणाऱ्याकडून त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. घरात तेव्हा सुबत्ता नव्हती. आजी ते बोलून दाखवायची आणि फळी पुसून तीच मांडायची.

शके १८८३ ची वही, म्हणजे १९६१. त्या वर्षी दि. बा. मोकाशी वारीबरोबर चालत होते. पुढे त्यावर त्यांनी 'पालखी' लिहिली. आबांच्या वहीत त्या वर्षी पुण्यातल्या एका वाड्याची नोंद आहे. नदीकाठच्या पेठेतला वाडा. चार बिऱ्हाडांतली माणसं, बहुतेक बायका, पालखीबरोबर सासवडपर्यंत चालत आलेली; पुणेकर आजही असे येतात आणि एसटीनं परततात. परतण्याआधी त्यांनी ग्रुप काढला. मागे पुरुष उभे, मधे बायका, पुढे पोरं मांडी घालून. मधल्या ओळीत डावीकडून तिसरी एक म्हातारी, नऊवारी, डोक्यावरून पदर, आणि तिच्या पुढ्यातलं पोर नेमकं हललंय. त्याला दोन तोंडं आलीत.

पालखी सासवड सोडून पुढे गेली. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. आत्या तेव्हा शाळेत होती. सासवडला बातमी आली ती एसटीच्या ड्रायव्हरकडून, आणि खरी वाटेना. मग पुण्यातले नातेवाईक अंगावरच्या कपड्यांनिशी येऊ लागले. खडकवासला गेल्यामुळे पुराखाली बुडालेल्या शहराला प्यायला पाणी नव्हतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं तिला अजून आठवतं.

ग्रुपचे फोटो तयार झाले, न्यायला कुणी आलं नाही. या वेळी आबा पुढच्या वारीची वाट बघत थांबले नाहीत. पाकीट पिशवीत घालून ते पुण्याला गेले. वाडा नव्हता. एक भिंत उभी होती, तिच्यावर वरच्या मजल्याच्या खिडकीपाशी चिखलाची आडवी रेघ. शेजारपाजारी विचारत विचारत ते पूरग्रस्तांना जिथे ठेवलं होतं तिथे पोचले आणि त्यांतलं एक कुटुंब सापडलं. म्हातारी राहिली नव्हती. मुलगा होता. त्यानं फोटो हातात घेतला, बराच वेळ नुसता धरून ठेवला, आणि मग एवढंच विचारलं की यातून आईचा एकटीचा मोठा करून मिळेल का? घरातले सगळे फोटो, लग्नाचे, वडिलांचे, वाड्याबरोबर गेले होते. आईचा जगात आता हा एवढाच.

धंद्यातल्या माणसाला ही मागणी नेहमीची. ग्रुपमधून एकाचं तोंड काढायचं, मोठं करायचं, मागचं पुसून टाकायचं, ब्रशनं नीटनेटकं करून हार घालण्याजोगं द्यायचं. पण म्हातारीचा डावा गाल शेजारणीच्या खांद्याआड गेलेला. कोणाही रिटचरनं तो खांदा पुसला असता आणि गाल रंगवून दिला असता. आबांनी पुण्यातल्या ओळखीच्या स्टुडिओत एन्लार्जरवर तोंड मोठं केलं, डाग काढले, पदराचा काठ नीट केला. खांदा राहू दिला. मुलानं विचारलं तेव्हा म्हणाले, "जे काचेवर आलं नाही ते मी कुठून आणू? आणि तो खांदा तरी परका कुठाय. त्यांच्याच शेजारणीचा आहे." मुलानं तो तसाच फ्रेम केला.

त्या घरचं माणूस पुढे कितीतरी वर्षं एकादशीला घाट चढून सासवडला आलं की आमच्या दारी थांबायचं. काही काम नसायचं. पाणी पिऊन जायचं.

आबांचा अध्यात्माशी संबंध विचाराल तर तो या फोटोइतकाच होता. हरिपाठ पाठ होता, माळ होती, पण वाद घालायचे नाहीत. आपण निर्माण काही करत नाही, समोर आलेला उजेड सांभाळतो आणि ज्याचा त्याला परत देतो, ही त्यांची धारणा. सांभाळण्यावर त्यांचा जोर होता. मला वाटतं वारी ज्यांनी पिढ्यान् पिढ्या चालवली त्यांचाही तोच जोर आहे. दिंडीचा नंबर सांभाळायचा, चाल सांभाळायची, बापानं धरलेली वीणा आपण धरायची. नवं काही सुचावं म्हणून तिथे कुणी जात नाही.

पुढचा काळ भराभर गेला. काचा जाऊन फिल्म आली. परदेशी माल मिळेनासा झाला तेव्हा उटीच्या कारखान्याची इंदू फिल्म आली. मग रंगीत, मग गल्लोगल्ली लॅब, मग फोन. स्टुडिओ बंद पडू लागले तसे त्यांचे साठे रद्दीत गेले. काचा धुऊन फ्रेमला लावल्या, फिल्म चांदी काढण्यासाठी किलोवर विकली. एका तालुक्याच्या गावातले चेहरे, दोन-तीन पिढ्यांचे, असे पाहता पाहता नाहीसे झाले. यात दोष कुणा एकाचा नाही. जागा अपुरी, पोटाची काळजी मोठी. पण नुकसान झालं ते कायमचं.

आता एकादशीला दिवे घाटाच्या वळणावर कॅमेऱ्यांची दाटी असते, वर ड्रोन घोंगावतात. काही जणांनी फार जीव लावून काम केलंय. संदेश भंडारे यांचं 'वारी : एक आनंदयात्रा' पाहिलं की चालणाऱ्यांबरोबर चाललेला माणूस कळतो. जर्मनीचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या मागे, खंडोबाच्या मागे वर्षानुवर्षं हिंडले आणि वारीवर त्यांनी फिल्म केली, ती आपल्या माणसानं केल्यासारखी वाटते. पण दरवर्षी जे लाखो फोटो निघतात त्यांतला आपला फोटो त्या वारकऱ्याला कधी दिसत नाही. त्याच्या सुरकुत्या प्रदर्शनात लागतात, कॅलेंडरवर येतात, नाव कुठेच नसतं. 'वारकरी' एवढंच लिहिलेलं असतं. हे मला पटत नाही. त्याला गाव आहे, दिंडी आहे, दिंडीला नंबर आहे. विचारलं की तो सांगतो.

आत्या अजून फळी मांडते. ट्रंकेतले फोटो आता फार जुने झाले. ओळखणारे वर्षाआड एखादे भेटतात. २०२० साली वारी निघालीच नाही, पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या, तेव्हा रस्ता मोकळा होता आणि फळी घरातच राहिली. दोन वर्षांनी दिंड्या परत आल्या त्यात एक तरुण मुलगी थांबली, एका फोटोवर बोट ठेवलं आणि घरी फोन लावून आजीला व्हिडिओवर दाखवला. पलीकडून आजीनं नाव सांगितलं. आत्यानं तिथल्या तिथे मागे लिहून घेतलं.

तुमच्या घरी असे फोटो असतील. एखाद्या बॅगेत, कपाटावर, देवघराच्या खालच्या खणात. ते या दिवाळीत खाली काढा आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस गाठा. एकेक फोटो दाखवा, कोण आहे, कुठलं, कधीचा, कुणी काढला, शेजारी कोण उभं आहे, विचारा. सांगतील ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेन वापरू नका, शाई पुढे झिरपते. लॅमिनेशन करू नका. निगेटिव्ह प्लास्टिकमध्ये कोंडू नका, कागदी पाकिटात ठेवा. गावात जुना स्टुडिओ बंद पडत असेल तर मालकाला भेटा, काचा रद्दीत जायच्या आधी मागून घ्या. आणि यंदा वारीत कुणाचा फोटो काढलात तर त्याचं नाव, गाव विचारा, त्याला एक प्रत पोचवा.